बिअरच्या डब्याची पट्टी

आ-हायने पाना उचलून थोबाडावर हाणला, तसे लियाओ मिस्त्रींचे पुढचे दोन दात ग्रीसच्या डब्यात पडले.

"चाक आहे ना समोर? मग बसव की, काका."

चाक दुसऱ्याच गाडीचं होतं. त्याचा एक्सल बारीक आणि आ-हायच्या मोटारसायकलच्या फोर्कची भोकं मोठी. मधली फट भरणारं बुश लेथवर कातून घ्यावं लागेल, एवढंच लियाओ म्हणाले होते.

"बुश कातेपर्यंत रस्त्याकडेच्या टपरीवर बसलेले ते हरामखोर जेवून घरी जातील." आ-हायने कलिंगड कापायचा लांब सुरा सीटवर ठेवला. "आत्ता बसव."

लियाओंनी रक्त गिळलं. बिअरचा रिकामा डबा कापून त्यांनी त्याची पट्टी एक्सलभोवती गुंडाळली, हातोडीने ठोकून एक्सल आत घातला आणि नट आवळला. चाक सुरेख फिरलं. सरळ रस्त्यावर ते साधं कुरकुरणारही नव्हतं. पण पहिला जोराचा ब्रेक लागला की पत्रा फाटणार, चाक तिरकं होऊन अडकणार. माझे दोन गेले, याची अख्खी बत्तीशी जाईल, लियाओ मनात म्हणाले.

आ-हायने सुरा उचलला आणि तो मागच्या सीटवर बसला.

"बस पुढे, काका. गाडी खांबाला ठोकली तेव्हा माझ्या ड्रायव्हरचा हात मोडला, आणि सुरा चालवायला मला दोन्ही हात मोकळे लागतात." सुऱ्याचं टोक लियाओंच्या मानेला टेकलं. "भरधाव घे. त्यांचं टेबल दिसलं की मी खांद्यावर थाप मारीन. तेव्हा ब्रेक करकचून दाबायचा."