लाकडी बूट

मायलीसनं आजोबांना, म्हाताऱ्या फुल्क्रानला, मंचावर बोलावून तो लाकडी बूट त्यांच्या गळ्यात अडकवला आणि चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. फुल्क्रानची मान जी खाली गेली ती वर येईचना. लोकांना वाटलं, म्हातारा भारावला. कसला भारावतोय! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दक्षिण फ्रान्समधल्या त्या डोंगरी गावच्या जत्रेची शेवटची दुपार. मायलीस, त्याची नात, मंचावर आपल्या ओक्सितान बोलीत रॅप करत होती. शेजारी आफ्रिकेतल्या माली देशातून आलेला बाकारी ढोल बडवत होता आणि मागं कुणीतरी बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याचा मशकबाजा फुगवून पणज्याच्या काळातल्या नाचाची चाल धरली होती. "ही काय खिचडी!" म्हणत फुल्क्राननं नाक मुरडलं होतं खरं, पण त्याच्या पायांनी केव्हाच ठेका धरला होता. मग नातीनं नवं गाणं सुरू केलं आणि ते पाय गारठले.

गाणं त्याच्यावरच होतं. शाळेत कुणी फ्रेंच सोडून गावची बोली बोललं की मास्तर त्याच्या गळ्यात लाकडी बूट अडकवायचे. सुटका एकच. दुसऱ्या कुणाला बोलताना पकडायचं, मास्तरांना नाव सांगायचं, की बूट त्याच्या गळ्यात. शुक्रवारी शेवटची घंटा होताना बूट ज्याच्याकडं, त्याच्या बोटांवर लोखंडी पट्टी.

"माझ्या आजोबानं मार खाल्ला," मायलीस ठेक्यात म्हणत होती, "पण नाव नाही सांगितलं!"

"नाव नाही सांगितलं!" अख्खा चौक तिच्यामागून ओरडत होता.

हे खोटं तिला त्यानंच सांगितलं होतं. पोर हात धुऊन मागं लागली होती, शाळेतलं सांगा ना, आजोबा. खरं सांगायची लाज वाटली आणि जीभ घसरली. ते खोटं असं चव्हाट्यावर येईल हे त्याला काय ठाऊक!

आणि खरं काय ते पहिल्याच रांगेत बसलं होतं. सेर्नँ. डाव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी. त्याचा बाप त्या डोंगरातला नावाजलेला मशकबाजावाला, पण पोराला त्या बोटांनी बाजाची भोकं कधी झाकता आली नाहीत. त्या शुक्रवारी बूट आठ वर्षांच्या फुल्क्रानच्या गळ्यात होता. मागच्या शुक्रवारचे वळ अजून ओले होते. घंटेला पाच मिनिटं उरली होती. एवढ्यात सेर्नँ, कधी म्हणून न सापडणारा सेर्नँ, त्याच्याजवळ आला आणि बोलीत खणखणीत म्हणाला, "दोन चेस्टनट दे की रे."

फुल्क्राननं हात वर केला होता. त्या गोष्टीला शहात्तर वर्षं झाली. तेव्हापासून समोरून सेर्नँ दिसला की हा वाट वाकडी करायचा. पाव आणायलासुद्धा पलीकडच्या गावी जायचा.

"आजोबा, दोन शब्द बोला!" मायलीसनं माईक पुढं केला. "आपल्या बोलीत बरं का!"

ती बोली त्यानं त्या दिवसानंतर ओठांवर येऊ दिली नव्हती. ढोल थांबला.

"मी नाव सांगितलं," तो बोलीतच म्हणाला. "ह्या सेर्नँचं. मार त्यानं खाल्ला. पोरी, मी तुझ्याशी खोटं बोललो."

मायलीसच्या चेहऱ्याकडं बघायची त्याची छाती झाली नाही. गळ्यातला बूट काढून तो पायऱ्या उतरला आणि पहिल्या रांगेपुढं येऊन उभा राहिला. सेर्नँनं बूट त्याच्या हातातून घेतला आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिला.

"एवढ्यासाठी तोंड लपवत होतास होय रे, इतकी वर्षं?"

"तू चेस्टनट मागितलेस आणि मी..."

"अरे गाढवा," सेर्नँ म्हणाला, "माझे दोन्ही खिसे चेस्टनटांनी गच्च भरले होते त्या दिवशी. मी तुझ्याकडं कशाला मागेन?"