सतराव्या दगडाजवळची झोप

हद्दीच्या सतराव्या दगडापाशी वाटाड्याने काठी उंचावली आणि नेहमीचा किस्सा सोडला. "इथल्या चौकीतला पहारेकरी महा झोपाळू! भरदुपारी शेळ्यांचा कळप सरहद्द ओलांडून जायचा, तरी याचं घोरणं चालूच. शेवटी मागची शेळीच ढुशी देऊन त्याला उठवायची, की साहेब, आमचा परवाना तेवढा बघा!"

सोबतचे सगळे प्रवासी खो खो हसले. चढ चढून आल्यावर लोकांना हसायला काहीतरी लागतं, म्हणून बावीस वर्षांपूर्वी त्याने हे मनानेच ठोकून दिलं होतं. सरहद्द कधीच पुसली गेली होती, मेलेल्या पहारेकऱ्याबद्दल विचारायला कोण येतंय? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मंडळी पुढे गेली. गुडघ्याला पट्टा बांधलेली, काठी टेकत चालणारी एक आजी तेवढी मागे राहिली. बिनछपराच्या चौकीत शिरून ती खिडकीखालच्या दगडी बाकावर हात फिरवत होती.

"चला आजी, उशीर होतोय."

"तुम्ही सांगितलंत ना, ते माझे वडील," ती म्हणाली. "सतराव्या दगडाची चौकी. नऊ वर्षं इथेच होते."

वाटाड्या दारातच थबकला. "आजी, ते मी आपलं..."

"घरी असले की त्यांचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. साधं भांडं पडलं तरी ताडकन उठून दाराशी उभे. इथे काय बघितलं होतं कुणास ठाऊक, कधी बोलले नाहीत. आई बिचारी थोपटून थोपटून थकली. मी त्यांना झोपलेलं पाहिलंच नाही हो. गेले तेव्हा पाहिलं, तेवढंच." ती बाकाच्या कडेला टेकली. "म्हणजे इथे तरी त्यांना झोप लागायची. कुणी सांगितलं तुम्हाला?"

खरं सांगायची वेळ हीच, हे त्याला कळत होतं. त्याने तोंडही उघडलं. पण आजी त्याच्याकडे आशेने बघत होती.

"एक म्हातारा मेंढपाळ होता," तो म्हणाला. "आता नाही तो."

"आणि खरंच घोरायचे?"

"घोरायचे."

बावीस वर्षांत एकदा तरी त्या माणसाचं नाव विचारायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं. आता विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

वरच्या वळणावरून मंडळींनी आरोळी ठोकली, "अहो, येताय ना? आम्ही खोळंबलोय!"

आजीने चटकन ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती बाकाकडे बघत कुजबुजली, आणि काठी न वाजवता चौकीबाहेर आली.