अवसेचा निवद

आयर्लंडहून आलेली नोरा जतकडच्या त्या वाडीत पोचली, तेव्हा अर्जुना मेंढरं कोंडत होता. तिनं एक जुना फोटो पुढं केला आणि तिच्याऐवजी तिचा मोबाइलच मराठीत बोलला, "हे माझे पणजोबा. महायुद्ध संपल्यावर पलटणीतल्या मित्राच्या गावी, इथं रजेवर आले. पुन्हा कुणालाच दिसले नाहीत."

फोटोत सिगारेट ओढणाऱ्या गोऱ्या शिपायाच्या खांद्यावर हात टाकून अर्जुनाचा आजा उभा होता.

"आमच्यात कोण गोरा आला न्हाई, बाई," अर्जुनाची आई दगडाबाई म्हणाली. "पर अवसेला तिन्हीसांजंचं कुणाला वाटंला लावत न्हाईत. ऱ्हा आजची रात."

मग ती दर अवसेसारखा निवद घेऊन मेंढरांच्या वाड्यामागच्या दगडापाशी गेली. घरातल्या कुठल्याच देवाला सिगारेट चालत नव्हती, या एकाला मात्र लागायची. आज पहिल्यांदाच अर्जुना तिच्या मागोमाग गेला. तिनं सिगारेट शिलगावून दगडावर ठेवली, डोक्यावरचा पदर सावरला आणि हात जोडले.



"सायेब, मामंजींच्या हातनं घडलं ते घडलं. तुमची पणती घरी आलीया, सकाळी जाईल. तवर उठू नगा."