पक्ष्यांचा घास

यांगझोम चढणीवर धावत सुटली तेव्हा वर धुपाच्या झुडपांचा धूर निघाला होता आणि गिधाडं घिरट्या घालायला लागली होती.

खाली स्तूपापाशी बसलेल्या बायका ओरडल्या, "अगं ए, कुठं निघालीस? पोटच्या पोरीनं वर जायचं नसतं!" तिला ऐकू आलं, पण ती थांबली नाही. मागून तिचा मोठा भाऊ रिग्झिन हाका मारत येत होता.

आत्ता आत्तापर्यंत सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. लामांनी पोथी वाचली होती. आईचा देह पांढऱ्या कापडात बांधून माणसं तो पक्ष्यांना द्यायला वर घेऊन गेली होती. कुणी रडलं नव्हतं. रडलं की जाणाऱ्याचा पाय निघत नाही. मग सगळे लोणी घातलेला चहा घेत बसले, आणि शेजारच्या तंबूतला म्हातारा दामद्रुल सहज बोलून गेला.

"यंदा पक्षी कमी दिसतात. नदीपलीकडं एका लंगड्या याकाला दुखणं थांबायची सुई टोचली होती. याक मेलाच. गिधाडांनी खाल्ला आणि तिथंच माना टाकल्या बिचाऱ्यांनी."

"कुठली सुई, आजोबा?"

त्यानं औषधाचं नाव सांगितलं. अर्धंमुर्धंच, पण शिनिंग शहरातल्या दवाखान्यात नर्स असलेल्या यांगझोमला तेवढं पुरलं. तिच्या हातातला कटोरा कलंडला. त्याच औषधाच्या गोळ्या तिनं शहरातून आणल्या होत्या. आईच्या हाडात गाठ होती. शेवटच्या दिवसांत यांगझोम रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं एक गोळी आईच्या जिभेवर ठेवायची.

आता तिला दम लागला होता. श्वास छातीत मावत नव्हता. पक्षी खाली खाली येत होते. त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता, ओलं कांबळं झटकल्यासारखा. दोन तर कड्यावर उतरलेसुद्धा. तिच्या मनात एकच चित्र होतं: आईच्या भोवती मेलेल्या पक्ष्यांचा सडा. आई आयुष्यभर म्हणायची, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ देऊ नका. माझ्याकडं द्यायला दुसरं काही नाही, जाताना हे शरीर तेवढं पाखरांच्या मुखी लावा. आणि तिच्या त्या शेवटच्या दानात पोटच्या पोरीनं विष कालवलं होतं.

सांगितलं तर? तर आईला खाली आणतील आणि मातीत पुरतील. मातीत कुणाला पुरतात, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साथीनं मेलेल्यांना. खुन्यांना. गप्प राहावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. आपल्याशिवाय कुणाला कळणार होतं? त्या विचाराचीच तिला इतकी भीती वाटली, की ती आणखी जोरात धावली.

वर सपाट खडकावर तोपग्याल काका सुरीला धार लावत होते. खोऱ्यातल्या साऱ्या मेलेल्यांना पक्ष्यांच्या हवाली करायचं काम त्यांचंच. सोबतच्या माणसांशी त्यांची थट्टा चालली होती. इथं हसतच काम करतात, जाणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून. कापडाची गाठ अजून सुटली नव्हती.

"काका, थांबा! हात लावू नका!" तिचे गुडघे खडकावर आपटले. "तिच्या अंगात औषध आहे. माझं औषध. पक्षी मरतील. मी रोज देत होते, काका, रोज..."

हसणं बंद झालं. काकांनी सुरी खाली ठेवली आणि मागून धापा टाकत आलेल्या रिग्झिनकडं पाहिलं.

"हिला सांगितलं नाहीस होय रे?"

"आईनं शपथ घातली होती," रिग्झिन म्हणाला.

"मेली की सुटली शपथ. सांग आता."

शेवटी काकाच बोलले. "पोरी, तुझ्या आईनं मला घरी बोलावून घेतलं होतं. म्हणाली, लेक औषध देते, पाखरांना बाधेल का? मी म्हटलं, वहिनी, आपल्याला काय कळतंय, पण नदीपलीकडं असं असं झालंय. तर म्हणाली, मग नकोच."

"पण मी माझ्या हातानं..."

"गालात धरून ठेवायची," रिग्झिन म्हणाला. "तू शेण्या आणायला बाहेर गेलीस की माझ्या हातावर थुंकायची. मी चुलीत टाकायचो. एकही पोटात गेली नाही."

यांगझोम खडकावरून उठली.

काकांनी वर पाहिलं. "ती बघ, खोळंबलीत. काय करू?"

तिनं मान हलवली. हो म्हणून.

रिग्झिननं तिला धरून उतारावर आणलं. मागं पंखांचा मोठा लोट खाली आला, तशी ती थबकली, पण तिनं वळून पाहिलं नाही. पक्षी वाचले होते. तरी तिला काहीतरी खटकत होतं. उताराच्या मध्यावर तिनं त्याची बाही पकडली.

"दादा, खोटं बोलतोयस तू. माझी भीती जावी म्हणून. गोळी दिली की अर्ध्या तासात तिचं कण्हणं थांबायचं. मी शेजारीच असायचे. औषध पोटात नव्हतं, तर तिला झोप कशी लागायची?"

रिग्झिन थांबला.

"ती कुठं झोपायची, यांगझोम," तो म्हणाला. "दात आवळून गप्प पडायची. झोपायचीस तू."