शिवरात्रीची कोथिंबीर

सायलीने कोथिंबिरीची शेवटची चिमूट परातीवर भुरभुरली आणि मागून दगडाबाईंचा आवाज आला, "अगं बया! हे काय केलंस?"

परातीत पेरू, चिकू, पपई, केळी, द्राक्षं आणि चिरलेली बोरं होती. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, वाटलेली हिरवी मिरची, लिंबू. सगळ्या घराचा शिवरात्रीचा फराळ होता तो. सायलीने सकाळपासून एकटीने खपून केला होता. लग्नानंतरची तिची ही पहिलीच शिवरात्र. इथवर सगळं ठीक होतं. पण उपवासाला काय चालतं नि काय नाही, याचा कायदा पोथीत नसतो. तो ज्या त्या घरच्या चुलीपाशी ठरतो आणि त्यावर अपील नसतं. कोपरगावजवळच्या या वस्तीवर जिरं चालायचं, मिरची चालायची. कोथिंबीर मात्र नाही.

"आमच्याकडं राहुरीला चालते," सायली पुटपुटली. "माझी आई तर मूठभर घालते."

"तुझ्या आईच्या घरी चालत आसंल. आमच्यात न्हाई चालत." दगडाबाई म्हणजे घरातल्या थोरल्या, सायलीच्या चुलत सासूबाई. परातीत पाल पडावी तशा त्या हातभर मागे सरकल्या. "समद्यांचा उपास मोडायचा इचार हाय का? बनू, बघ तुझ्या सुनंचे प्रताप. द्या ती परात म्हशीला."

बनुबाई रताळी सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. सुनेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि हात कुठे ठेवावेत हेसुद्धा तिला सुचत नव्हतं.

यापुढचं सगळं बनुबाईंना पाठ होतं. अशीच शिवरात्र होती, हीच पितळी परात, आणि राजूरच्या डोंगरातून आलेली एक नवी सून. सासूबाई, म्हणजे दोघी जावांच्या आत्याबाई, जागच्या हलल्याही नव्हत्या. नुसतं "चालत न्हाई" म्हणाल्या, आणि परात उचलून गोठ्यात नेली ती याच दगडाबाईंनी. म्हशीने चाटूनपुसून खाल्लं. बनुबाईंनी तो दिवस पाण्यावर काढला, आणि तेव्हापासून या स्वयंपाकघरात राजूरच्या चवीचं नावही काढलं नाही.

"नेते," सायली म्हणाली. तिने परात उचलली.

"ठेव खाली," बनुबाई म्हणाल्या.

हात पदराला पुसत त्या परातीशी आल्या. पेरूची एक फोड उचलून त्यांनी तोंडात टाकली. आधी काळं मीठ लागलं, मग मिरची, मग पेरूचा गोडवा. कोथिंबीर अगदी शेवटी आली, आणि तिच्यामागून राजूरचं अख्खं घर आलं. सारवलेला ओटा, एका ताटाभोवती बसलेली भावंडं, शेवटच्या बोरासाठी धाकट्या भावाशी, श्रीमंतशी, झालेली मारामारी, आणि "आरं, सगळ्यांना पुरंल रं," असं म्हणत स्वतः उपाशी राहणारी आई. बनुबाईंचे डोळे भरून आले. मिरचीचं निमित्त करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही.

"माझी आय आशीच करायची," त्या म्हणाल्या.

"बनू! मोडला की गं उपास!"

"मोडू द्या, आक्का. म्हादेवाचं काय ते मी बघते. आजपासनं ह्या घरात कोथमीर चालती."

दगडाबाई एक केळं घेऊन दाराशी जाऊन बसल्या. केळं सोललं, पण खाल्लं नाही. बाहेर म्हैस हंबरली. तिला परातीचा वास लागला असावा. पुरुषमाणसं महादेवाच्या दर्शनाला गेली होती, ती यायच्या आत सायलीने भराभर वाट्या भरल्या. एक वाटी भरताना मात्र तिने फोडी हलवून खालून काढल्या, चिकटलेली पानं बोटाने वेचून टाकली आणि ती दगडाबाईंसमोर ठेवली.

"थोरल्या आई, ही बिनकोथिंबिरीची आहे. तुम्ही निश्चिंत खा."

दगडाबाईंनी ती बाजूला सारली आणि बनुबाईंच्या हातातली वाटी ओढून घेतली. दात फार उरले नव्हते. पेरूची फोड त्यांनी हिरड्यांनीच हळूहळू चघळली.

"आमच्या म्हायरीबी घालायचे," त्या म्हणाल्या.

बनुबाई त्यांच्याकडे वळल्या. "आन् तरी माझी परात तुमीच गोठ्यात न्हेलीत, आक्का?"

"माझीबी तिकडंच गेल्ती, बाई."

सायली एकदा या सासूकडे बघे, एकदा त्या. शेवटी न राहवून तिने विचारलं, "म्हणजे तुमच्या माहेरी चालायची, आईंच्या माहेरी चालायची, माझ्याही माहेरी चालते. मग चालत नव्हती ती कुणाच्यात? आजीसासूबाईंच्या माहेरी?"

दगडाबाईंनी वाटीच्या तळाला चिकटलेलं कोथिंबिरीचं पान बोटाने टिपलं.

"आत्याबाईंच्या म्हायरी काय चालायचं," त्या म्हणाल्या, "ते त्यांना कुणी इचारलंच न्हाई."