लाल फडक्यातली भलतीच पोथी

कडूबानं लाल फडक्याची गाठ सोडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चौरंगावर पोथी नव्हतीच. मुखपृष्ठावरून हाताची घडी घातलेला एक काळा माणूस त्याच्याकडे रोखून बघत होता. फडक्यावरचं झेंडूचं फूल घरंगळून नेमकं त्याच्या डोक्यावर जाऊन बसलं.

हे पुस्तक कंपनीतल्या रामकिसननं दिलेलं. अमेरिकेतल्या एका पळून गेलेल्या गुलामानं स्वतः लिहिलेली आपली कहाणी, तिचं मराठी. चिकलठाण्याला दोघं एकाच मशिनवर होते, एकाच डब्यातलं खायचे. पण रामकिसन पडला नामांतरवाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून जेलात जाऊन आलेला. आणि कडूबाचे वडील सर्जेराव म्हणजे गावातल्या विरोधकांचे पुढारी. म्हणून सुट्टीला गावी येताना कडूबानं डोकं चालवलं. पुस्तक लाल फडक्यात बांधलं. लाल फडक्याला पारोसा हात कुणी लावत नाही. ते देवळीत तसल्याच लाल फडक्यातल्या पोथीशेजारी ठेवून तो निर्धास्त झाला. आज श्रावणातला शनिवार. आई द्वारकाबाईनं आंघोळ केली, दोनातलं हाताला आलं ते गाठोडं उचललं, हळदकुंकू वाहून मारुतीच्या देवळात आणून ठेवलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

"थांबलास का रं?" सर्जेराव म्हणाले. "पोथी सोडली की वाचायची. मधीच उठलं तर गावाला नाट लागतो."

चाळीस माणसं हात जोडून बसली होती. त्यात धोंडिबा मांडीवर शाईचं पॅड घेऊन बसलेला. पोथी झाली की नामांतराच्या विरोधातला अर्ज लिहायचा, गावाचे अंगठे घ्यायचे आणि उद्या जीपनं गंगापूरला जाऊन तहसीलीत द्यायचा, असं ठरलं होतं. अर्ज लिहिण्यासारखं अक्षर गावात एकट्या कडूबाचं. बापाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि लिहिला तर रामकिसनला तोंड दाखवायची सोय नव्हती. आठ दिवस झाले, त्याला घास गोड लागत नव्हता.

त्यानं मारुतीचं नाव घेतलं, मुखपृष्ठ फडक्याआड दाबलं आणि पहिलं पान ओवीच्या चालीवर लावलं.

"मी जन्मलो तेव्हाऽऽ माझी आई, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होतीऽऽ"

पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचणारा, एक अर्थ सांगणारा. अर्थाचा मान सर्जेरावांचा. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण अर्थ सांगण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजी बघा, देव बी गरिबाघरीच जल्म घेतो."

कडूबाचा जीव भांड्यात पडला. तो वाचत सुटला. मालकानं आईला विकलं तिथं म्हाताऱ्या कस्तुराबाईनं डोळ्याला पदर लावला. "मुडदा बशिवला त्या मालकाचा! आईपासनं लेकरू तोडलं!" सर्जेरावांनी मालकाला तिथल्या तिथं कलीचा अवतार ठरवलं. त्यांचा स्वतःचा वीस एकर कापूस होता. पण पोथी ऐकताना माणूस नेहमी देवाच्याच बाजूचा असतो.

मग गुलाम पळाला. मागं कुत्री लागली. पुढं नदी आडवी आली.

"गंगंला पूर व्हता का?" धोंडिबानं काळजीनं विचारलं.

"व्हता की," कडूबा म्हणाला.

गुलाम पैलतीराला लागला तेव्हा कुणीतरी नारळ फोडला. खोबरं वाटलं गेलं. कडूबाला भरून आलं. हेच पान कंपनीच्या बसमध्ये वाचताना तो खिडकीकडे तोंड करून एकटाच रडला होता. आता चाळीस जण सोबतीला होते.

पुढच्या पानावर त्या माणसानं मालकानं दिलेलं नाव टाकून दिलं आणि आपल्या मनानं नवं नाव घेतलं. एवढंच लिहिलं होतं. कडूबानं ते वाचलं. धोंडिबाच्या मांडीवरच्या पॅडकडे एकदा बघितलं. मग पुस्तकात मान घातली आणि जे तिथं कुठंच नव्हतं ते त्याच चालीवर गाऊन टाकलं.

"तेव्हा सारे मालक जमलेऽऽ म्हणाले, ह्याच्या नव्या नावानं आमची अब्रू जातेऽऽ आणि त्यांनी सरकारला अर्ज धाडलाऽऽ"

सर्जेराव गुडघ्यांवर उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"ऐका अर्थ! जल्म त्याचा, कष्ट त्याचं. त्यानं नाव लावलं तर ह्यांच्या बापाचं काय जातंय? असल्या अर्जाला अंगठा देणाऱ्याचा..."

आणि ते थांबले.

खोबरं चावायचा आवाज बंद पडला. धोंडिबानं पॅड हळूच मांडीखाली सारलं. आता मार बसणार, हे कडूबानं गृहीतच धरलं होतं. बसायचाच तर विचारून बसू दे, असं त्याच्या मनात आलं.

"आबा," तो म्हणाला, "आपला अर्ज कधी लिहायला घ्यू?"

सर्जेराव खाली बसले. मग त्यांनी कडूबाच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"त्या मालकांनी एक लिहिला तेवढा बास झाला," ते म्हणाले. "तू पुढं वाच."