शिंजिरांचं ध्रुवपद

नामशेष झालेल्या शिंजीर पक्ष्यांची प्रयोगशाळेत जन्मलेली पहिली जोडी अनसूयाबाईंच्या परसात सोडून मृण्मयी खट्टू होऊन बसली होती.

“काकू, गाणं शिकवायला यांना आईबाप नव्हते, म्हणून काकांनी या परसात केलेलं शिंजिरांच्या गाण्याचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पण ध्वनिमुद्रण करताना काका अभंग गुणगुणायचे. नराने तीच चाल उचलली. मादीने ओळखली नाही, तर वंश इथेच संपला.”

साखरपाण्याच्या बाटलीवर बसून नराने शीळ घातली आणि तो अर्ध्या चरणावर थांबला. अनसूयाबाईंचे कैलासवासी यजमान कीर्तनात असेच थांबत. मग मागून बाई ध्रुवपद धरीत.

मादीने ते अचूक धरलं आणि ती त्याच्याजवळ सरकली.

“हिला कुणी शिकवलं?” मृण्मयी चकित झाली.

“ध्वनिमुद्रण चालू असताना भाकरी थापता थापता मी आतून ध्रुवपद म्हणायचे ना गं. कितीदा करपली. पांडुरंगा, कारणी लागली रे,” म्हणत बाईंनी हात जोडले.